गाडीतली वीज घरात घेण्याआधी खांबावरच्या माणसाचा विचार करा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत विजेवरच्या गाडीतून घराला वीज कशी घ्यावी यावर आलेल्या लेखाचं कात्रण माझ्या भावाने चिपळूणहून मला पाठवलं. लेख चांगला होता. वादळात, पुरात वीज गेली की दारात उभी असलेली गाडी उपयोगी पडते, हे त्यात नीट मांडलं होतं. पण शेवटाकडे, गाडीची केबल घरातल्या सॉकेटला जोडली की सगळं घर सुरू होतं, अशा अर्थाचं एक वाक्य होतं. हे पत्र त्या वाक्यासाठी आहे. पत्र थोडं लांबेल, पण कृपा करून छापावं.

मी लाईनमनची मुलगी. माझे बाबा ३४ वर्षं बोर्डात होते. २००५ साली बोर्डाची महावितरण झाली, त्यानंतर दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. मी गेली एकोणीस वर्षं अमेरिकेत टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहराच्या पश्चिम भागात राहते. आमच्या दारात विजेवर चालणारी फोर्ड एफ-१५० लाइटनिंग आहे आणि वीज गेली की आमचं घर त्या गाडीवर चालतं. म्हणजे लेखात लिहिलंय ते मी रोजच्या वापरात पाहिलंय. ते घडवून आणायला काय काय करावं लागलं, हेही पाहिलंय.

आधी एक जुनी गोष्ट सांगते. १९९४ चा मे संपत आला होता. वळवाच्या पावसात गावाबाहेर आंब्याची फांदी तारांवर पडली. बाबा आणि त्यांचे जोडीदार रात्री साडेनऊला निघाले. या जोडीदारांना आम्ही मुलं काका म्हणायचो. बाबांनी डीपीवरचे फ्यूज काढून स्वतःच्या पिशवीत टाकले. पद्धतच तशी होती, फ्यूज ज्याच्या पिशवीत, लाईन त्याच्या ताब्यात. मग काका खांबावर चढले. त्याच लाईनवर पुढे एका मंगल कार्यालयात लग्नाची पंगत बसली होती. वीज गेली म्हणून तिथे कुणीतरी जनरेटर लावला आणि मेन स्विच न पाडता त्याची वायर सरळ बोर्डात जोडली. डीपीकडून मेलेली लाईन कार्यालयाकडून जिवंत झाली. काका बारा फुटांवरून खाली पडले. जीव वाचला, उजव्या हाताची दोन बोटं गेली. पुढे दरवर्षी गणपतीत आमच्याकडे आरतीला आले की तबक ते डाव्या हातात धरायचे. आमची आजी सोवळंओवळं फार पाळायची, पण त्या डाव्या हाताबद्दल ती कधी अक्षर बोलली नाही.

बाबांच्या भाषेत याला ‘रिटर्न सप्लाय’ म्हणतात. जनरेटरचा असो, इन्व्हर्टरचा असो, नाहीतर आता गाडीचा, करंट तोच.

आता आमच्या गाडीविषयी. इथे पिकअपलाच ट्रक म्हणतात. आपल्याकडच्या छोट्या हत्तीसारखीच मागे उघडी, पण आकाराने कितीतरी मोठी. बॉनेटखाली इंजिन नाही, सामान ठेवायची जागा आहे. मोठ्या बॅटरीच्या मॉडेलमध्ये १३१ युनिट वीज मावते. आमच्या चिपळूणच्या घराचं बिल महिन्याला १२० युनिटच्या आसपास येतं. म्हणजे त्या घराची महिनाभराची वीज या एका गाडीत बसते. गाडीवरच अकरा सॉकेट आहेत आणि सगळी मिळून ९.६ किलोवॅटपर्यंत भार घेतात.

गाडी आम्ही हौसेने घेतली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये बर्फाचं वादळ आलं, राज्याची वीजव्यवस्था कोलमडली आणि लाखो घरं दिवसेंदिवस अंधारात गेली. सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसं दगावली. कुणी थंडीने गारठून, कुणी ऊब मिळावी म्हणून बंद जागेत गाडी किंवा जनरेटर चालू ठेवल्यामुळे, कार्बन मोनॉक्साइडने. आमच्या घरात पारा ६ अंशांवर आला होता. मुलं आमच्या दोघांच्या मधे तीन रजयांखाली झोपायची. त्याच वर्षी मे महिन्यात या गाडीची घोषणा झाली आणि नवऱ्याने नाव नोंदवलं. धूर नाही, पेट्रोलसाठी रांग नाही, आवाज नाही. आम्हाला तेच हवं होतं.

गाडी आली, पण ती घराला जोडण्याचं काम रखडलं. ज्यांना दिलं होतं ते तारखा देत राहिले. तेवढ्यात ८ जुलै २०२४ ला पहाटे बेरिल चक्रीवादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर आलं. ह्यूस्टन परिसरात बावीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. आमची सकाळी सहाला गेली. बाबा तेव्हा आमच्याकडे आले होते, वय ७५. जुलैचं ह्यूस्टन म्हणजे आपला मे महिना आणि त्यात मुंबईचा दमटपणा. गाडीत ८४ टक्के चार्ज होता. घराशी जोडणी नसल्यामुळे गाडीच्या सॉकेटमधून एक्स्टेंशन वायरी ओढून खिडकीतून आत घेतल्या. एकीवर फ्रिज, एकीवर मैत्रिणीकडून आणलेला खिडकीचा एसी, एकीवर पंखा, फोन, इंटरनेट. आम्ही सगळे एकाच खोलीत झोपायचो. चौथ्या दिवशी रात्री वीज आली तेव्हा गाडीत ४१ टक्के उरले होते. म्हणजे ५६ युनिट लागले, आणि त्यातलेही थोडे गाडीने स्वतः जागं राहण्यासाठीच खाल्ले.

दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. समोरच्या घरी पेट्रोलचा जनरेटर लावला होता. बाबा आमच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. एकदम उठले आणि ओरडले, “अगं, ती वायर बघ!” समोरच्या गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं. जनरेटरची वायर आत गेली होती आणि तिच्या दुसऱ्या टोकालाही प्लगच होता. दोन्ही टोकांना पिना. ती वायर कपडे वाळवायच्या मशीनच्या मोठ्या सॉकेटमध्ये घातली होती. अशा वायरीला इथे ‘सुसाइड कॉर्ड’ म्हणतात. एक टोक चुकून निसटलं तर उघड्या पिनांमध्ये जिवंत करंट. आणि मेन पाडला नसेल तर तोच करंट रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटा शिरतो. ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो. येताना जो दाब उतरवतो, तोच परत जाताना चढवतो. घरातले २४० व्होल्ट खांबावर हजारो व्होल्ट होऊ शकतात.

बाबा मला घेऊन रस्ता ओलांडून गेले. दुभाषी मी. “मेन पाडलाय का विचार त्याला.” शेजारी म्हणाला, पाडलाय, मला कळतं. बाबांनी मान हलवली आणि म्हणाले, “आज पाडलाय. उद्या रात्री दोनला पेट्रोल संपलं, बायकोने झोपेत उठून बघितलं, लाईट आली का म्हणून मेन वर केला, तर? विचार त्याला.” मी विचारलं. शेजारी काही बोलला नाही. मग बाबांनी रस्त्याच्या टोकाकडे हात केला. तिथे परराज्यातून आलेली एक गाडी उभी होती आणि पाळण्यातून दोन माणसं वर चढली होती. त्या आठवड्यात असे हजारो लाईनमन दुसऱ्या राज्यांतून ह्यूस्टनला आले होते, घरदार सोडून. बाबा म्हणाले, “त्याला सांग, त्या दोघांना हा इथे राहतो हे ठाऊक नाही.”

शेजाऱ्याने वायर काढली. आम्ही आमच्या ट्रकमधून एक लांब एक्स्टेंशन त्याच्या फ्रिजला दिली. पुढचे तीन दिवस दोन्ही घरांचे फ्रिज एकाच गाडीवर चालले.

वीज परत आल्यावर नवऱ्याच्या मनात स्वस्तातला मार्ग आला. ट्रकच्या मागच्या भागात २४० व्होल्टचं ३० अॅम्पिअरचं मोठं सॉकेट आहे. तिथून वायर घ्यायची, घराबाहेर एक इनलेट बसवायचा, पॅनेलमध्ये, म्हणजे घराच्या मुख्य बोर्डात, हाताने पाडायचा चेंजओव्हर, म्हणजे घर एकतर रस्त्यावरच्या विजेवर नाहीतर गाडीवर ठेवणारा स्विच. जनरेटर असाच जोडतात. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने जोडून पाहिलं, तर ट्रकचं सॉकेट त्याच क्षणी ट्रिप झालं. पुन्हा लावलं, पुन्हा ट्रिप. कारण कळायला एक संध्याकाळ गेली. ट्रकच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडलेले आहेत, घराच्या मुख्य पॅनेलमध्येही जोडलेले आहेत. मग परतीच्या करंटला दोन वाटा मिळतात. थोडा न्यूट्रलमधून, थोडा अर्थमधून. ट्रकचा रक्षक स्विच, म्हणजे आपल्याकडच्या आरसीसीबीचाच भाऊ, तो समजतो की कुठेतरी गळती आहे, कुणाला तरी शॉक बसतोय, आणि पुरवठा तोडतो. त्याचं काम तो बरोबर करत होता. चेंजओव्हर फक्त फेज बदलणारा होता, न्यूट्रलही बदलणारा हवा होता.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण आपल्याकडे याच जागी दुसऱ्या रूपात अडचण आहे. ती पुढे सांगते.

अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये रीतसर जोडणी झाली. भिंतीवर तीन वस्तू बसल्या. एक चार्जर. एक इन्व्हर्टर, जो गाडीच्या बॅटरीतला डीसी करंट घेऊन त्याचा घराला लागणारा एसी करंट करतो. आणि तिसरी पेटी, मला त्यातली सगळ्यांत महत्त्वाची वाटते, ती बाहेरची वीज गेल्याचं ओळखून घराला रस्त्यापासून आधी तोडते आणि मगच गाडीला हाक मारते. सोबत एक छोटी बॅटरीही आहे, कारण सगळीकडे अंधार असताना या यंत्रणेला जागं व्हायलाही थोडी वीज लागते. चार्जर सोडून बाकी संचाची कंपनीने जाहीर केलेली किंमत ३,८९५ डॉलर होती. मजुरी, वायरिंग, परवाना वेगळं, आणि ते कमी नव्हतं. चार्जर पूर्ण ८० अॅम्पिअरवर चालवायचा तर १०० अॅम्पिअरचा ब्रेकर लागतो. आमच्या जुन्या पॅनेलला तो झेपला नसता, म्हणून चार्जिंगचा वेग कमी करून ६० च्या ब्रेकरवर भागवलं. रात्रभर गाडी उभीच असते, काही बिघडत नाही.

९.६ किलोवॅट ऐकायला पुष्कळ वाटतात. पण घराचा मोठा एसी सुरू होताना क्षणभर शंभर अॅम्पिअरच्या वर करंट खेचतो, आणि यंत्रणेकडे आहेत चाळीस. तो झटका कमी करायला कॉम्प्रेसरला एक सॉफ्ट स्टार्टर बसवावा लागला. आता एसी हळू उचलतो. वीज गेल्यावर इलेक्ट्रिक ओव्हन लावायचा नाही, हे मुलांनाही पाठ झालंय. दर दिवशी ३० युनिट धरले तर घर तीन दिवस चालेल, असा कंपनीचा हिशेब आहे. आमचं घर ऐन जुलैत दिवसाला ६० खातं. तेव्हा हिशेब आपल्या मीटरवरून करावा, जाहिरातीवरून नको.

मग शहराचा निरीक्षक आला. बाबा तेव्हा चिपळूणला परतले होते. त्यांना व्हिडिओ कॉलवर घेतलं होतं. निरीक्षकाने मेन पाडला. साधारण मिनिटभर अंधार. मग आत फ्रिज घुमायला लागला. मी खूश. निरीक्षकाने मात्र नापास केलं. मीटरच्या पेटीवर पाटी नव्हती! या घरात विजेचा दुसरा स्रोत आहे, तो कोणता आणि कुठे आहे, हे सांगणारी पाटी मेनजवळ लावलीच पाहिजे, असा नियम आहे. कारागीर चिडला, एवढ्यासाठी पुन्हा खेप म्हणून. नवराही वैतागला. फोनवर बाबा गप्प होते. मी म्हटलं, “बाबा, बघा ना, एका स्टिकरसाठी अडवलंय.” ते म्हणाले, “अगं, ती पाटी कुणासाठी आहे? माझ्यासाठी आहे.”

चार दिवसांनी लाल पाटी लागली आणि आम्ही पास झालो.

आता आपल्याकडचं. भारतात अशा गाड्या येऊन पोचल्या आहेत. ह्युंदाईची आयोनिक ५ जानेवारी २०२३ मध्ये आली, ती ३.६ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर देते. त्याच वर्षी सप्टेंबरात नवी नेक्सॉन ईव्ही आली, तिच्यातही ही सोय आहे. नेक्सॉनची मोठी बॅटरी तेव्हा ४०.५ युनिटची होती. दिवसाला चार युनिट जाळणाऱ्या माझ्या माहेरच्या घराला ती कागदावर दहा दिवस पुरेल. गाडी स्वतः थोडी खाते आणि थोडं चार्ज राखून ठेवावं लागतं, म्हणून आठवडा धरा. निसर्ग वादळानंतर २०२० मध्ये रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली गावं कितीतरी दिवस अंधारात होती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा माझ्या भावाला फोन चार्ज करायला टेकडीवरच्या मित्राकडे जावं लागत होतं. अशा वेळी गाडीतली वीज म्हणजे औषध आहे. ती वापरू नका असं मी अजिबात म्हणत नाही.

पण या गाड्यांसोबत मिळणारी सोय म्हणजे सॉकेट. त्यावर मिक्सर लावा, फ्रिज लावा, एक्स्टेंशन घेऊन पंखा लावा, काही धोका नाही. आम्ही बेरिलमध्ये चार दिवस तेच केलं. ही सोय घराच्या वायरिंगला जोडण्यासाठी नाही. माझ्या घरी भिंतीवर जी तिसरी पेटी आहे, जी आधी तोडते आणि मग जोडते, ती या गाड्यांसोबत येत नाही. दोन टोकांना प्लग असलेली वायर मात्र कोपऱ्यावरचा कुणीही दहा मिनिटांत करून देईल, आणि मला त्याचीच भीती वाटते.

कुणाला घरच जोडायचं असेल तर परवानाधारक वायरमनकडून दोन पोलांचा चेंजओव्हर बसवून घ्यावा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा, आणि एक तुटल्याशिवाय दुसरा लागूच शकणार नाही असा. इथे ती वर म्हटलेली अडचण येते. आपल्याकडच्या असंख्य घरांत इन्व्हर्टरची फेज वेगळी ओढलेली असते आणि न्यूट्रल मात्र सगळ्या घराचा एकच, कॉमन. इतकी वर्षं ते चालून गेलं. अशा घरात फक्त फेज बदलून गाडी जोडली तर एकतर आरसीसीबी उडत राहील, किंवा कुणीतरी वैतागून आरसीसीबीच काढून टाकेल. दुसरं अधिक होतं, हे बाबांनी घरोघर पाहिलंय. म्हणून आधी न्यूट्रल वेगळा करून घ्या, मग गाडीकडे वळा. आणि पुराच्या गावात आणखी एक, गाडी पाण्यात उभी असेल तर तिच्यातून वीज घेऊ नका. पाणी चढायच्या आत ती उंचावर न्या.

महावितरणला माझी विनंती आहे. मे महिन्याच्या बिलावर चार ओळी छापाव्यात, की जनरेटर, इन्व्हर्टर किंवा गाडी घराला जोडली असेल तर चेंजओव्हर हवाच. अशा घरांची नोंद शाखा कार्यालयात ठेवावी, म्हणजे रात्री पावसात खांबावर चढणाऱ्या पोराला माहीत असेल की या लाईनवर तीन घरांत स्वतःची वीज आहे. ही पोरं आता बरीचशी कंत्राटी असतात. ‘टेस्ट करा, अर्थ करा, मग हात लावा’ हे बाबांच्या पिढीने त्यांना शिकवलंय, पण सगळी जबाबदारी त्यांच्याच हातमोज्यांवर टाकू नये. गाडी विकणाऱ्यांनीही गाडी ताब्यात देताना हे मराठीत लिहून द्यावं, बोलून नव्हे.

आणि ती पाटी. आमच्या पेटीवरची इंग्रजीत आहे. बाबांनी मला तिचा मजकूर विचारून घेतला आणि मराठीत केला. तो असा: ‘सावधान. या घरात विजेचा दुसरा स्रोत आहे. मेन बंद असला तरी तारेत वीज असू शकते. चेंजओव्हर जिन्याखाली.’ बाजारपेठेतल्या एका दुकानातून त्यांनी तिच्या दहा प्रती लॅमिनेट करून आणल्या. पहिली आमच्या मीटरखाली लागली, इन्व्हर्टर आहे म्हणून. दुसरी गल्लीतल्या जनरेटरवाल्या घरी. तिसरी घेऊन ते रिक्षाने काकांकडे गेले होते. काकांकडे ना जनरेटर आहे, ना गाडी. त्यांनी ती दाराच्या आतल्या बाजूला लावून घेतली, असं बाबा सांगत होते.

आपली,
एक वाचक
ह्यूस्टन, टेक्सास (माहेर चिपळूण)